गिरगावातल्या वाड्यांची नावं : कुठून आली, पुढे राहणार का?

मुगभाटकर

आमची चाळ पुनर्विकासाला गेली. नव्या टॉवरच्या माहितीपत्रकात पत्ता म्हणून 'साउथ मुंबई' आहे, जवळचं स्टेशन आहे, चौपाटी किती मिनिटांवर ते आहे. वाडीचं नाव मात्र कुठेच नाही. पुढच्या महिन्यात भाडेकरूंची सभा आहे आणि इमारतीचं नाव काय ठेवायचं हा विषय तिथे निघणार आहे. त्याआधी ही नावं आली कुठून हे सगळ्यांपुढे मांडावं, म्हणून हा धागा. ज्याला जे ठाऊक आहे त्याने भर घालावी.

माझ्यापुरती सुरुवात करतो.

गिरगाव म्हणजे गिरीच्या पायथ्याचं गाव, आणि गिरी म्हणजे मलबार हिल. टेकडी आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात नारळी-पोफळी, आंबे-फणस आणि सखल भागात भातखाचरं. पोर्तुगीज बागेला 'होर्ता' म्हणत. इंग्रजांनी त्याचं 'ओअर्ट' केलं आणि भातशेतीला 'बॅटी ग्राउंड'. मुंबईच्या जुन्या जमीनमहसुलाच्या कागदांत हे दोन शब्द पदोपदी येतात. आपण ज्याला वाडी म्हणतो तीच त्यांची ओअर्ट. कोकणात आजही वाडी म्हटलं की कुंपण घातलेली, विहीर असलेली बागायत डोळ्यांसमोर येते. गिरगावातली वाडी मुळात तशीच होती, चाळी नंतर उठल्या.

हे लक्षात घेतलं की नावं आपोआप वाचता येतात. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी, पिंपळवाडी. कांदेवाडी, खेतवाडी, मुगभाट, बोरभाट. कुठे काय पिकत होतं याचा हा नकाशाच आहे आणि तो कुणी कागदावर काढलेला नाही, लोकांच्या तोंडी राहिला. दुसरा थर मालकांचा : खोताची वाडी, झावबावाडी, आंग्रेवाडी, उरणकरवाडी, फडकेवाडी. झाडांची नावं आधीची आणि मालकांची नंतरची, असं सरसकट म्हणता येणार नाही. पण जिथे झाडाचं नाव टिकलंय तिथे कुण्या एका मालकाचा ठसा वस्तीवर पडला नसावा, असं मला वाटतं.

फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली. त्यानंतर तटबंदीबाहेरच्या वस्तीला जोर आला आणि बागा हळूहळू तुटायला लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे कारकून, मास्तर, छापखान्यातले जुळारी, वकील यांची बिऱ्हाडं दाटीवाटीने राहत होती. फणस गेला, फणसवाडी राहिली. आता फणसवाडीही जाणार असेल, तर तिथे कधी फणस होता हे सांगायला काय उरणार?

नकाशेवाला

चांगला विषय काढलात. मी भू-मोजणीच्या कामात होतो, त्यामुळे कागदांच्या बाजूने थोडी भर.

मुंबई शहराची शिस्तशीर मोजणी १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांच्या हाताखाली झाली. त्या नकाशांत गिरगावचे तुकडे पाहिले तर विहिरी, वाटा, बागांच्या कडा ओळखू येतात आणि गंमत म्हणजे आजच्या बऱ्याच गल्ल्यांची वळणं त्याच कडांवरून गेलेली दिसतात. गल्ली मध्येच काटकोनात का वळते असा प्रश्न पडला, तर बहुतेक वेळा उत्तर हेच की तिथे दोन वाड्यांची हद्द होती.

दुसरं, तुमच्या इमारतीचं मालमत्ता पत्रक काढा. त्यावर सी. एस. नंबर, म्हणजे भू-मोजणीतला जमिनीचा क्रमांक, असतो आणि विभाग म्हणून 'गिरगाव डिव्हिजन' किंवा 'भुलेश्वर डिव्हिजन' लिहिलेलं असतं. त्याच पत्रकात धारणाप्रकाराचा, म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धरलेली आहे त्याचा, रकाना असतो, तो बहुतेक लोक वाचतच नाहीत. त्यात कुठे 'फोरास', कुठे 'पेन्शन अँड टॅक्स' असं दिसतं. यातलं पेन्शन म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे. १६७० च्या दशकात गव्हर्नर ऑन्जियर यांनी मुंबईच्या जमीनधारकांशी करार केला. जमिनी त्यांच्याकडे राहतील आणि बदल्यात सगळ्यांनी मिळून वर्षाला २०,००० झेराफिन (तेव्हाचं पोर्तुगीज नाणं) ईस्ट इंडिया कंपनीला द्यायचे, असं ठरलं. त्या देण्याचं नाव पेन्शन. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा करार आजही एखाद्या चाळीच्या उताऱ्यावर एका शब्दात बसलेला असतो.

फोरास हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, बाहेरच्या, पडीक किंवा खाजणी जमिनीसाठीचा. फोरास रोडचं नाव त्यातूनच आलं.

परळची_सून

वाचनखूण साठवली आहे. माझं माहेर खेतवाडीचं. खेतवाडीच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत : पहिलीपासून तेरावीपर्यंत. "कुठली गं तू?" "बारावीची." बाहेरच्याला वाटायचं इयत्ता सांगतेय.

खेतवाडी खरंच शेतजमीन होती का? आमच्याकडे पावसात पाणी पटकन भरायचं. आजी म्हणायची, जमिनीचीच सवय आहे ती.

नकाशेवाला

@परळची_सून, तुमच्या आजींचं म्हणणं अगदी रास्त आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये मोठं खिंडार होतं. भरतीचं पाणी तिथून आत शिरायचं आणि मधला सखल भाग चिखल, खाजण, खारी जमीन असा राहायचा. पायधुणीला पाय धुऊन पुढे जावं लागे म्हणून ते नाव, असं सांगतात ते याच पाण्यामुळे. १७८० च्या दशकात हॉर्नबी व्हेलार्डचा बांध पुरा झाला, पाणी अडलं आणि खेतवाडी-कामाठीपुऱ्याकडची जमीन वापरात येऊ लागली. आधी शेती, मग वस्ती. समांतर आणि नंबरवार गल्ल्याही तेच सांगतात : हा भाग आखून वसवलेला आहे. मुगभाट किंवा फणसवाडीत अशी सरळ रेघ तुम्हाला सापडणार नाही.

चेंदणीकर

चर्नी रोडचं कुणीच काढलं नाही अजून!

आमच्या ठाण्यात चेंदणी म्हणून कोळीवाड्याचा भाग आहे. तिथली माणसं गिरगावात येऊन राहिली, म्हणून त्या वस्तीला चेंदणी आणि पुढे चर्नी नाव पडलं, असं आमच्याकडे जुने लोक सांगत.

मुगभाटकर

@चेंदणीकर, ही उपपत्ती छापील पुस्तकांतही येते, त्यामुळे ती नोंदवायलाच हवी. दुसरी जास्त प्रचलित आहे ती चरणीची, म्हणजे गुरं चरायच्या जागेची. कोटाबाहेरच्या मैदानात गुरं चारायला इंग्रजांनी १८२२ मध्ये फी लावली. गरीब गवळ्यांना ती परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ मध्ये ठाकूरद्वारजवळ समुद्रालगतची जमीन २०,००० रुपयांना घेतली आणि तिथे गुरं फुकट चरू दिली. म्हणून चरणी, चर्नी.

माझा कल चरणीकडे आहे, कारण आजूबाजूची नावं तिला दुजोरा देतात. पलीकडे गायवाडी आहे, गवालिया टँक आहे आणि भुलेश्वरला पांजरपोळ, म्हणजे भाकड-म्हाताऱ्या गुरांचा आसरा, आहे. तो १८३४ चा, त्यातही जमशेटजींचा मोठा वाटा होता. एका नावाचा अर्थ एकट्याने लावू नये, शेजारची नावंही बघावीत. पण ठाण्याकडचे लोक इथे आलेच नसतील असं मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला काही अडचण नाही.

माडाचीपाटी

मी मूळची गोव्याची. मुगभाट, बोरभाट ही नावं वाचून थांबले. आमच्याकडे 'भाट' म्हणजे बागायत, विशेषतः माडांची. अमक्याचं भाट, तमक्याचं भाट असं सर्रास म्हणतात. तुमच्या धाग्यात सगळे भाट म्हणजे भात असं धरून चाललेत की काय?

मुगभाटकर

@माडाचीपाटी, मुद्दा महत्त्वाचा आहे. मुगभाटाबद्दल मी ऐकत आलो ते दोन प्रकारे. एक, मूग आणि भात पिकायचं ती जागा. दोन, मुग नावाच्या कोळ्याचं शेत. दोन्हींत भाट म्हणजे भातजमीन. पण बोरभाटाला हे लागू करायचं तर अडखळायला होतं. बोरं आणि भात एका नावात कशाला येतील? तिथे तुमचा 'भाट' चपखल बसतो : बोरीची बाग. आणि मग मुगभाटाकडेही पुन्हा बघावं लागतं. किनाऱ्याने वर-खाली माणसं आणि बोली फिरत होत्याच. गिरगावातले सारस्वत, भंडारी, ख्रिस्ती हे सगळे या किनारपट्टीचेच. मला तुमचा अर्थ पटतोय.

गावठाण_वांद्रे

मी ईस्ट इंडियन. आमच्या आजोळचं घर खोताच्या वाडीत होतं, म्हणून लिहितो.

दादोबा वामन खोत हे पाठारे प्रभू, जमीन त्यांची. त्यांनी त्यातले तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि तिथे लाकडी जिन्यांची, पुढे ओटा असलेली, कौलारू घरं उभी राहिली. म्हणजे नाव हिंदू खोताचं आणि वस्ती बरीचशी ख्रिस्ती. ईस्ट इंडियन हे नावही मागाहून घेतलेलं आहे. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, आमच्या लोकांनी असोसिएशन काढली आणि हे नाव घेतलं. कारण गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथलेच, मुंबईचे, हे सरकारला कळावं. घरात बोली मराठीच. आजी जात्यावर ओव्या म्हणायची आणि बाटलीमसाला कुटायची.

एकेकाळी वाडीत ६५ घरं होती असं सांगतात. आता निम्मीही नाहीत. एक घर पडून तिथे इमारत आली की शेजारच्या घराचा उजेड जातो, मग ओल धरते, मग तेही पडतं. आम्ही हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या घराच्या पुढच्या पडवीत दुपारी ऊन फरशीच्या चौथ्या रांगेपर्यंत यायचं. शेजारी सहा मजले चढल्यावर ते उंबऱ्यावरच अडायला लागलं आणि दोन पावसाळ्यांत तुळईच्या टोकाला बोट रुतायला लागलं.

तरी खोताची वाडी नशीबवान म्हणायची. लोक फोटो काढायला येतात, तिचं नाव जगभर गेलं. फणसवाडीचे फोटो काढायला कोण येणार?

सी_वॉर्ड

मी थोडा वेगळा सूर लावतो. नावं बदलतातच आणि व्यक्तींची नावं दिली म्हणून इतिहास पुसला जातो असं मला वाटत नाही. केळेवाडीच्या रस्त्याला डॉ. भालेराव मार्ग म्हणतात. का? तर डॉ. अ. ना. भालेराव यांनी मुंबई मराठी साहित्य संघ उभा केला, १९३५ मध्ये, आणि मराठी रंगभूमी पडत्या काळात होती तेव्हा नाट्यमहोत्सव घेऊन तिला धरून ठेवलं. कांदेवाडीचा खाडिलकर रोड झाला तो नाटककार-संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांमुळे. 'नवाकाळ' त्यांनी १९२३ मध्ये सुरू केला. गिरगाव रोडला जगन्नाथ शंकरशेठांचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. त्यांनी ग्रँट रोडला नाटकगृह उभं केलं, शाळा काढल्या, रेल्वे आणण्यात हात लावला. कांदा मोठा की खाडिलकर?

मुगभाटकर

@सी_वॉर्ड, ही निवड करायची वेळच आपल्यावर आलेली नाही. पत्त्यात 'खाडिलकर रोड, कांदेवाडी' असं दोन्ही सुखाने नांदतंय की. केशवजी नाईकांच्या चाळी याच कांदेवाडीत. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव तिथे १८९३ मध्ये झाला आणि १९०१ मध्ये लोकमान्य तिथे येऊन गेले. केशवजी नाईक हे कच्छी जैन व्यापारी. कांदा, कच्छी मालक, मराठी भाडेकरू, खाडिलकर, टिळक : एका गल्लीत एवढं सगळं एकावर एक रचलेलं आहे आणि कुणी कुणाला खोडलेलं नाही.

माझी तक्रार वेगळ्या प्रकारच्या नावांबद्दल आहे. ज्यांचा त्या जागेशी, तिथल्या माणसांशी काडीचाही संबंध नाही आणि जी कुठल्याही शहरात, कुठल्याही टॉवरवर चिकटवता येतील अशी नावं. भालेरावांचं नाव केळेवाडीवर आलं ते त्यांनी केळेवाडीत काम केलं म्हणून. तसं कारण असेल तर माझी हरकत नाही.

तिसरी_घंटा

रस्त्यांच्या नावांपेक्षा स्टॉपांची नावं जास्त चिवट असतात. बसमध्ये बसून बघा. 'प्रार्थना समाज'. १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी काढलेली ही सुधारक मंडळींची संस्था, आणि आज कंडक्टर दिवसातून शेकडो वेळा तिचं नाव घेतो. ऐकणाऱ्या बहुतेकांना ती संस्था आहे हे माहीत नसतं, त्यांच्या लेखी तो एक नाका.

'ऑपेरा हाउस' तसंच. ते १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं, पुढे सिनेमागृह झालं, १९९० च्या दशकात बंद पडलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. मधल्या वर्षांत दारं बंद होती तरी लोक ऑपेरा हाउसलाच उतरत होते.

आणि मॅजेस्टिक! देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. थिएटर पाडून पन्नास वर्षं उलटली, पण जुना गिरगावकर अजून "मॅजेस्टिकसमोर भेटू" म्हणतो. फाळक्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये लागला, तेही इथलंच. त्या कोरोनेशनचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही. असं का झालं असेल? मला वाटतं मॅजेस्टिक नाक्यावर होतं आणि पुढे त्याच नावाने पुस्तकांचं दुकान चालत राहिलं. नाव टिकायला रोज ते उच्चारायचं काहीतरी कारण लागतं.

परळची_सून

@तिसरी_घंटा, सी. पी. टँकचंही तेच! लहानपणी मी तिथे पाण्याची टाकी शोधायची.

नकाशेवाला

टाकी नव्हे, तलाव. कावसजी पटेल यांनी बांधलेला. अठराव्या शतकात श्रीमंतांनी तलाव, विहिरी बांधून देणं हे मोठं पुण्यकर्म मानलं जाई, कारण या बेटावर गोड्या पाण्याची कायम ओढ. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने आलं आणि तलावांची गरज कमी झाली. पुढे हिवतापाचे डास याच साठ्यांत वाढतात हे कळल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पालिकेने तलाव बुजवायचा आणि विहिरी झाकायचा सपाटा लावला. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, सगळ्यांचं पाणी गेलं, नावं तेवढी राहिली.

मुगभाटकर, तुमच्या वाडीत विहीर होती का?

मुगभाटकर

होती ना. चाळीच्या मागच्या चौकात, वर लोखंडी झाकण आणि मधोमध हात जाईल एवढी फट. झाकणाच्या कडेला दगडी काठ होता, त्यावर दोराने पडलेल्या खाचा. बोट घातलं तर पहिलं पेर पूर्ण आत जायचं. एवढा दगड झिजायला किती वर्षं पाणी ओढलं असेल! बागेला पाणी त्या विहिरीचंच असणार, म्हणजे ती चाळीच्या आधीची. पाडकाम सुरू झालं तेव्हा तो काठ बाजूला काढून ठेवा, असं आम्ही लेखी कळवलं होतं. उत्तर आलं नाही. काठ आता कुठे आहे हे कुणी सांगत नाही.

नवा_भाडेकरू

मी पस्तिशीच्या आतला, त्यामुळे रागावू नका. आमच्या पिढीला छप्पर हवंय. आमची इमारत १९४० च्या आधीची, 'अ' वर्गातली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी. दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींची यादी लागली की आईबाबा नाव शोधतात. सामायिक संडास, टेकू लावलेले जिने. नाव इंग्रजी ठेवून काम लवकर होणार असेल, तर खुशाल ठेवा असं म्हणणारे आमच्या मजल्यावर बहुसंख्य आहेत.

मुगभाटकर

रागावणार कशाला? आम्हीही तेच टेकू बघत आयुष्य काढलंय. पुनर्विकास हवाच, आणि तो लवकर हवा. पण नावामुळे काम एक दिवसही पुढे-मागे होत नाही. मंजुरी मिळते ती सी. एस. नंबरावर, नाव नंतर लागतं. म्हणूनच मी म्हणतोय की हे फुकटात होण्यासारखं काम आहे, आपण मागितलं तर.

मेट्रोचं उदाहरण घ्या. भुयारी मार्गासाठी इथल्या जुन्या इमारती गेल्या, लोकांना बराच काळ दुसरीकडे राहावं लागलं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा स्टेशनांवर नावं आली ती काळबादेवी आणि गिरगाव. आता रोज हजारो माणसं, जी कधी इथे राहिली नाहीत तीसुद्धा, गिरगाव हे नाव ऐकतील. वाड्यांना स्टेशन मिळणार नाही. त्यांना इमारतीची पाटी तेवढी मिळू शकते.

सी_वॉर्ड

हे मला पटलं. सभेत ठराव मांडताना 'जुनं नाव ठेवा' एवढंच मोघम लिहू नका. 'इमारतीच्या नोंदणीकृत नावात वाडीचं नाव असेल आणि ते प्रवेशद्वारावर देवनागरीत असेल' असं स्पष्ट लिहा, आणि विकासकाशी होणाऱ्या करारनाम्यात घालून घ्या. सोसायटीच्या नोंदणीच्या वेळी नाव पुन्हा द्यावं लागतं, तिथेही तेच जाऊ द्या. नुसतं तोंडी आश्वासन कामाचं नाही.

नकाशेवाला

आणि ठरावाला मालमत्ता पत्रकाची व जुन्या मोजणी नकाशाची प्रत जोडा. नावाला कागद असला की 'ही तुमची भावनिक मागणी आहे' म्हणून बाजूला सारता येत नाही.

गावठाण_वांद्रे

एक राहिलं होतं. चिरा बाजाराकडे काव्हेल आहे, त्याचं मूळ 'कोळवार' म्हणजे कोळ्यांची वस्ती, असं सांगतात. तिथल्या चर्चच्या आसपास अजून काही जुनी कुटुंबं आहेत. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर तिथल्या वयस्कर मंडळींना विचारतो, त्यांच्या लहानपणी पत्रावर पत्ता काय लिहीत असत ते. कुणाकडे जुनी पाकिटं मिळाली तर फोटो इथे टाकतो.

मुगभाटकर

जरूर टाका. पोस्टाचा शिक्का आणि तारीख दिसेल असा घ्या. फणसवाडी आणि जांभूळवाडीतल्या मंडळींकडूनही अशी पाकिटं, भाडेपावत्या, लग्नपत्रिका हव्या आहेत. भाडेपावतीवर मालकाचं आणि वाडीचं नाव बहुधा दोन्ही असतं, त्यामुळे ती सगळ्यात उपयोगाची. सभा महिनाअखेरीला आहे, त्याआधी जे येईल ते ठरावाला जोडतो.